ठोकळ्यांच्या खेळाचं वय

९ डिसेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी सिनेटची एक सुनावणी झाली. जो लीबरमन आणि हर्ब कोल या सिनेटरांनी 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप' या गेम्सवरून व्हिडिओ गेम कंपन्यांना फैलावर घेतलं. पडद्यावर एवढं रक्त, एवढी मारामारी. मुलांच्या हातात हे काय देता? सरकारने कायदा करण्याआधी आपणच काहीतरी करावं म्हणून या उद्योगाने १९९४ साली ईएसआरबी ही संस्था उभी केली. तिने गेमच्या खोक्यावर वयाचं लेबल लावायचं आणि ते पाहून पालकांनी ठरवायचं. युरोपात २००३ साली पेगी आली, पद्धत साधारण तीच.

आपण आजही मुलांच्या गेमचा निवाडा याच चष्म्यातून करतो. नात्यात कुणाचं मूल सात-आठ वर्षांचं झालं की मला फोन येतो. "तुला त्यातलं कळतं ना, माइनक्राफ्ट देऊ का रे त्याला?" विचारणाऱ्याने स्क्रीन आधीच पाहिलेली असते. रक्त नाही, काही अचकट-विचकट नाही. चौकोनी डुक्कर, चौकोनी सूर्य. मग हरकत काय?

स्क्रीनपुरतं ते खरं आहे. स्वीडनच्या मार्कस पर्सनने मे २००९ मध्ये पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली, तेव्हा तिच्यात ठोकळे लावणं आणि काढणं याखेरीज फारसं काही नव्हतं. झॅकरी बार्थच्या 'इन्फिनिमायनर'वरून त्याला ही कल्पना सुचली होती. दिवाळीत अंगणात किल्ला करताना जी मजा येते तीच इथे येते, फक्त माती कधी संपत नाही. पुढे झोंबी, सांगाडे, क्रीपर आले. ईएसआरबीने हा गेम दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी ठरवला, पेगीने सात. गेम तोच आणि निकालात तीन वर्षांचा फरक. लेबलावर किती विसंबायचं ते यावरून समजतं.

पण पहिल्या आवृत्तीनंतर काही आठवड्यांतच एकत्र खेळायची सोय आली. कुणीही आपला सर्व्हर चालवावा, नियम आपले ठेवावेत, वाटेल त्याला आत घ्यावं. किल्ल्याला दार आलं. ईएसआरबी 'इतरांशी संपर्क येतो' एवढी सूचना देते, पण त्या संपर्कात काय होईल ते वयाच्या आकड्यात धरलेलं नसतं. धरणार तरी कसं? ही पद्धत खोकं तपासायला निघाली होती.

याचा पहिला मोठा भडका मला २०१४ मध्ये दिसतो. 'मुलाने शंभर डॉलर उडवले, परत करा' अशा पालकांच्या ईमेल मोजांग कंपनीकडे येत होत्या. मोजांगला त्यातला एक सेंटही मिळालेला नव्हता. भलत्याच कुणाच्या सर्व्हरवर तलवारी आणि चिलखतं खऱ्या पैशांत विकली जात होती. जूनमध्ये कंपनीने बजावलं की टोप्यांसारख्या शोभेच्या वस्तू विका, पण खेळात वरचढ करणारी वस्तू विकायची नाही. मुदत १ ऑगस्ट. सर्व्हरवाले खवळले, पर्सनवर शिव्यांचा पाऊस पडला, आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरना कंपनी घेत असल्याचं जाहीर केलं. सगळ्या बातम्या या अडीच अब्जांच्या झाल्या. मला मात्र त्या शंभर डॉलरच्या ईमेल जास्त बोलक्या वाटतात.

त्याच्या आदल्या वर्षी कॅनडात स्टुअर्ट डंकन यांनी 'ऑटक्राफ्ट' हा सर्व्हर सुरू केला होता. ते स्वतः ऑटिस्टिक, मुलगाही ऑटिस्टिक. अशा मुलांना सार्वजनिक सर्व्हरवर चिडवलं जातं, त्यांनी बांधलेलं मुद्दाम पाडलं जातं, असं पालक त्यांना सांगत होते. डंकननी दार बंद ठेवलं. आधी अर्ज करायचा, तो कुणीतरी वाचणार, मग प्रवेश; आणि आत मोठी माणसं हजर. ठोकळे तेच, झोंबी तेच, लेबलही तेच.

२००६ पासून चालू असलेल्या रोब्लॉक्समध्ये तर एक खेळ असा नाहीच. इतरांनी केलेले लाखो खेळ, आणि सोबत गप्पा. ऑगस्ट २०२४ मध्ये तुर्कस्तानात न्यायालयाच्या आदेशाने तो बंद झाला. नोव्हेंबरमध्ये कंपनीने तेरा वर्षांखालच्या मुलांना खेळाबाहेर थेट मेसेज पाठवण्यावर निर्बंध आणले, म्हणजे सुरुवातीनंतर अठरा वर्षांनी. हा तेराचा आकडाही कुठल्या बालमानसशास्त्राचा नव्हे. मुलांची माहिती गोळा करण्याविषयीच्या १९९८ च्या अमेरिकी कायद्यातून तो सगळीकडे पसरला. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरापर्यंत मूलच धरलं आहे.

म्हणून फोन आला की मी वय विचारत नाही. कोणत्या सर्व्हरवर, कुणाबरोबर आणि कुणाच्या खात्यावरून, एवढंच विचारतो. शेवटचा प्रश्न तुमच्यासाठीही आहे, कारण घरातल्या लहानग्याच्या हातात गेम बहुधा तुम्हीच देता. मुलाचं खातं खऱ्या जन्मतारखेने काढलं तर ऑनलाइन खेळायची परवानगी पालकांच्या हातात राहते. दादाच्या खात्यावरून खेळणारा आठ वर्षांचा भाऊ तिथे तेवीस वर्षांचा धरला जातो. भाच्याला मी वेगळं खातं काढून दिलंय. सध्या त्याच्या जगात तो, त्याची बहीण आणि वर्गातला एक मित्र येतात, आणि तिघांचं भांडण एका बोगद्यावरून चालू आहे.