गाळ अडविणारे तात्पुरते कुंपण

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाईच्या बातम्या सुरू होतात. किती गाळ काढला, याची त्यात चर्चा असते. तो आला कोठून, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. कचरा आणि सांडपाण्याबरोबरच बांधकामासाठी उकरलेल्या, गवत-झुडपे काढून उघड्या केलेल्या जमिनीची मातीही नाल्यात उतरत असते. ही माती जागेवरच रोखण्यासाठी, काम चालू असेपर्यंत उतारावर घातले जाणारे कुंपण 'सिल्ट फेन्स' या नावाने ओळखले जाते.

त्याची रचना अगदी साधी आहे. जिओटेक्स्टाइल म्हणजे कृत्रिम धाग्यांचे मजबूत कापड साधारण दोन मीटर अंतरावरील खुंटांना ताणून बांधतात. जमिनीवर त्याची उंची ६० ते ९० सेंटिमीटर असते. कापडाची खालची कड सुमारे १५ सेंटिमीटर खोल चरात पुरून वर माती चोपून बसवितात. कुंपण समतल रेषेवर घालावे आणि त्याची दोन्ही टोके चढाकडे वळवावीत, अन्यथा पाणी कडेने वाट काढते.

हे कापड चहाच्या गाळणीसारखे माती गाळून काढते, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात कापडाची छिद्रे लवकरच बुजतात. कुंपणाचे खरे काम पाणी थोपविण्याचे. पाणी मागे संथ साचले की त्यातील माती आपल्या वजनाने तळाशी बसते. मात्र, तिला किती वेळ लागेल हे कणाच्या आकारावर अवलंबून असते. दहा सेंटिमीटर खोल साचलेल्या पाण्यात एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण काही सेकंदांत तळ गाठतो. त्याच्या दहापट लहान कणाला वीसेक मिनिटे लागतात. आणि एक सहस्रांश मिलिमीटरचा चिकणमातीचा कण? त्याला एक दिवसाहून अधिक वेळ हवा; तेवढा वेळ कुंपणामागे पाणी थांबत नाही. त्यामुळे काळ्या चिकण जमिनीत केवळ कुंपणावर भिस्त ठेवता येत नाही. तेथे उघडी जमीन पेंढ्याने किंवा काथ्याच्या जाळीने झाकणे आणि उताराच्या पायथ्याशी गाळ बसण्यासाठी तळे खोदणे अधिक उपयोगी ठरते.

कुंपण फसते ते बहुधा पायाशी. कड नीट पुरली नसेल, तर पाणी खालून वाट काढते आणि वर ताठ उभे असलेले कापड निव्वळ शोभेचे उरते. मागचा गाळ निम्म्या उंचीपर्यंत आला की उपसावा लागतो. शंभर फूट लांबीच्या कुंपणावर साधारण दहा गुंठ्यांपेक्षा अधिक जमिनीचे पाणी येऊ देऊ नये, असा ठोकताळा आहे.

आणखी एक मर्यादा महत्त्वाची. हे कुंपण पसरून वाहणाऱ्या पाण्यासाठी आहे. ओढ्याच्या किंवा घळीच्या प्रवाहापुढे ते टिकत नाही. घळीत आपल्याकडील पाणलोट विकासाच्या कामांत रचला जाणारा अनगड दगडी बांध योग्य. पुण्याजवळ कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडी येथे जून २०१३ मध्ये टेकडी फोडलेल्या भागातून महामार्गावर आलेल्या लोंढ्यात मायलेकींचा बळी गेला. पाण्याची नैसर्गिक वाटच मोडली असेल, तर तेथे कापड काय करणार?

अमेरिकेत मोठ्या बांधकामांतून वाहून जाणाऱ्या गढूळ पाण्यावर १९९० च्या नियमांनी बंधन आले. आरंभी ते पाच एकर व त्याहून मोठ्या जागांना लागू होते. २००३ पासून एक एकराच्या जागाही त्यात आल्या. गाळ रोखण्याची व्यवस्था खोदकामापूर्वी उभारावी, हे त्यातील मूलतत्त्व. आपल्याकडेही बांधकामाभोवती पत्र्याचे उंच कुंपण असते, पण ते नजर आणि धूळ अडविते. पत्र्याखालच्या फटीतून लाल-काळे पाणी रस्त्यावर येतच असते.

जमिनीवर गवत रुजले की कुंपण काढून टाकतात. तत्पूर्वी मागे साचलेली माती उचलून सपाट जागी पसरावी लागते. ती तशीच ठेवून कापड काढले, तर पुढच्या मोठ्या सरीत ती नाल्यात जाते.