बफेलो बिलची रायफल आणि छर्रे

१/ १८८३ साली अमेरिकेतील ओमाहा येथे विल्यम कोडी ऊर्फ ‘बफेलो बिल’ याच्या ‘वाइल्ड वेस्ट’ खेळाचा प्रारंभ झाला. धावत्या घोड्यावरून विंचेस्टर रायफलीने हवेतील काचेचे गोळे फोडणे, हे त्याचे एक आकर्षण.

२/ त्या काडतुसांत मात्र गोळीऐवजी बारीक छर्रे असत. हुकलेली गोळी दूरच्या प्रेक्षकाचा प्राण घेऊ शकली असती. छर्र्यांचा वेग थोड्या अंतरातच ओसरे.

३/ नळीतील सर्पिल खाचा गोळीला गिरकी देऊन स्थिर करतात. त्याच गिरकीने छर्रे मात्र पांगतात, मध्य विरळ होतो. म्हणूनच अशा काडतुसांनी ससा वा पक्षी टिपायचा तो अगदी जवळूनच.

४/ मग ही फसवणूक होती का? छर्र्यांनी नेम सोपा केला, हे खरे. पण त्यांच्यामुळेच प्रेक्षक सुखरूप घरी परतत.