एकसष्टाचें ज्येष्ठ मूळ

१७६६३१९०४९ ही संख्या पाहून वाचकांच्या मनांत कांहीं विशेष भाव उठेल असें नाहीं. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास. सावकाराच्या वहींत शोभेल एवढेंच. परंतु हिच्या वर्गांतून एक वजा केला असतां जी बाकी राहते, ती २२६१५३९८० या संख्येच्या वर्गाची बरोबर एकसष्टपट असते.

मूळ प्रश्न असा: कोणत्या पूर्णांकाच्या वर्गास ६१ नें गुणून त्यांत एक मिळविला असतां पुन्हां पूर्ण वर्गच येईल? ६१ च्या जागीं ६० घेतल्यास ४ व ३१ हीं दोन मुळें शाळेंतला मुलगाही काढील. ६२ घेतल्यास ८ व ६३. मधल्या ६१ चें कनिष्ठ मूळ मात्र बावीस कोटींच्या पलीकडे! १ पासून एकेक संख्या अहोरात्र मिनिटास एक याप्रमाणें पडताळीत गेल्यास तेथवर पोंचावयास सुमारें ४३० वर्षें लागतील.

भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें (इ. स. ११५०) आपल्या बीजगणितांत हेंच उदाहरण सोडविलें. ८ चा वर्ग ६१ हून तीननें अधिक. ३९ चा वर्ग ५ च्या वर्गाच्या एकसष्टपटीहून चारनें उणा. एका अपुऱ्या उत्तरांतून दुसरें काढीत, अंतर सदा लहानच राखीत, चाकाप्रमाणें फिरत जाणाऱ्या या रीतीस ‘चक्रवाल’ म्हणतात. अंतर चारावर आलें कीं ब्रह्मगुप्ताच्या ‘भावने’नें, म्हणजे अशीं उत्तरें परस्परांशीं जोडून, इष्ट मुळें थोडक्या ओळींत हातीं येतात.

पुढें १६५७ मध्यें फ्रान्समधील फर्मानें आपल्या गणिती मित्रास हाच ६१ घातला. आणि फार श्रम पडूं नयेत म्हणून लहान संख्या देतों, अशी वर मखलाशीही केली! इंग्लंडांत लॉर्ड ब्राउंकरनें अशा प्रश्नांची रीत शोधिली. ऑयलरनें चुकून तिचें श्रेय पेल यास दिलें, आणि ‘पेलचें समीकरण’ हेंच नांव रूढ झालें.

येथें पुष्कळांस त्वेष येतो. पण बीजगणिताचें कोलब्रूककृत इंग्रजी भाषांतर निघालें तें १८१७ सालीं. तेव्हां फर्मावर उसनवारीचा आळ घेणें न्यायाचें नव्हे. शिवाय भास्कराचार्यांनीं रीत दिली. ती कोठेंही अडणार नाहीं याची सिद्धता दिली नाहीं. वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येस असें उत्तर असतेंच, हें लाग्रांजनें अठराव्या शतकांत सिद्ध केलें. हें कबूल केल्यानें आचार्यांची थोरवी तिळभरही उणावत नाहीं.

मग अभिमान धरावा तो कशाचा? चाळीसगांवाजवळील पाटणच्या शिलालेखाकडे आम्ही बोट दाखवूं. आचार्यांचा नातू चंगदेव यानें आजोबांच्या नांवाचा नुसता जयघोष केला नाहीं. त्यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून तेथें मठ स्थापिला. आम्ही वारस म्हणवितों, तर निदान पाटीपेन्सिल घेऊन ८ आणि ३ पासून एकदां तरी आरंभ करावा. ज्यानें ही संख्या स्वतः काढून पाहिली, त्यासच ती खरी वारशानें मिळाली.