सिंग्लिश
सिंगापूरच्या रोजच्या व्यवहारातील इंग्रजी बोली. मलय, होक्क्येन, कँटोनीज, तमिळ अशा भाषांच्या सहवासात ती घडली. तिला मोडकीतोडकी इंग्रजी म्हणणे चूक आहे, कारण तिला स्वतःचे व्याकरण आहे. मलयमधून आलेला ‘केना’ कर्मणी रचना करतो, पण सहसा अनिष्ट घटनेपुरताच: दंड झाला, बोलणी खावी लागली, तर ‘केना’; कौतुक झाले तर नाही. प्रमाण इंग्रजीचा साधा कर्मणी प्रयोग हा भेद करत नाही, आणि निव्वळ अज्ञानातून असा नेमका नियम निपजत नाही. परक्यांना ती कळत नाही, हा आक्षेप खरा आहे. याच काळजीपोटी सरकारने २००० साली चांगल्या इंग्रजीची मोहीम सुरू केली. मात्र अनेक शिक्षित सिंगापूरकर प्रसंग पाहून प्रमाण इंग्रजीकडे सहज वळतात; दोन्ही रूपे त्यांच्या तोंडी शेजारी नांदतात.