मेंढा (लेखा)

महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं गाव. मेंढा नावाची गावं या भागात आणखीही असल्यामुळे शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून ते ओळखलं जातं. पूर्वी ग्रामपंचायतही लेखा येथेच होती.

लोकसंख्या पाचशेच्या आसपास, कुटुंबं शंभराच्या घरात. एवढं लहान गाव जिल्ह्यात नवलाचं नाही. 2011च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या 10,72,942 होती आणि दर चौरस किलोमीटरला 74 माणसं राहत होती. त्याच वर्षी राज्याची घनता 365 होती. बस फेऱ्या, दवाखाने, शाळा यांचे निकष बहुतांशी माणसं मोजून ठरतात, त्यामुळे विरळ वस्तीच्या या मुलखावर कायम अन्याय होत आला आहे. मेंढ्याने मात्र लहान असण्याचा उपयोग करून घेतला. गावातली सगळी माणसं एका जागी बसू शकतात, म्हणून ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेपर्यंत थांबतो. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या घडणीशी जोडलेली आहेत. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, ही गावाची घोषणा.

मेंढा गडचिरोली–धानोरा मार्गालगत आहे. धानोरा तीनेक किलोमीटरवर, गडचिरोली सुमारे 30. हाच रस्ता पुढे मुरूमगावमार्गे छत्तीसगडात उतरतो. प्रवासाची मुख्य भिस्त एसटीवर. जिल्ह्यात रेल्वेस्थानक एकच, गोंदिया–चांदा फोर्ट मार्गावरचं वडसा (देसाईगंज), आणि ते गडचिरोलीहूनही पन्नासेक किलोमीटर दूर. वडसा–गडचिरोली लोहमार्गाचं काम हाती घेण्यात आलं आहे. विमानासाठी नागपूर गाठावं लागतं.

माणसांच्या ये-जा करण्यापेक्षा या गावाचं नाव देशभर झालं ते मालाच्या वाहतुकीमुळे. धानशेतीच्या जोडीला मोह, तेंदू, चारोळी आणि मुख्यतः बांबू यांवर गावाचा संसार चालतो. वनहक्क कायदा 2006 खाली 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणारं हे देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. हक्क मिळाला तरी बांबू गावाबाहेर नेता येईना. जंगलातला माल ट्रकमध्ये भरला की त्यासोबत वाहतूक परवाना लागतो. कोणता माल, किती, कुठून कुठे, कोणत्या गाडीने, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि तो नसेल तर गाडी नाक्यावर अडते. परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे होतं. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असूनही 1927च्या भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’च्या व्याख्येत तेव्हा बांबू येत होता, यावर खातं अडून बसलं. कागदावर मालकी द्यायची आणि माल विकू द्यायचा नाही, असा हा प्रकार होता. गावाने दाद मागितली ती रास्तच होती.

27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यावेळी उपस्थित होते. बांबूची तोड, मोजणी आणि विक्री ग्रामसभा स्वतः करू लागली, मजुरी गावातच राहू लागली. पुढे 2013 मध्ये गावकऱ्यांनी आपली शेतजमीनही महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला.

वनहक्क नियमांत सप्टेंबर 2012 मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गौण वनोपजाचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार देशभरातील ग्रामसभांच्या समित्यांना किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीला आहे.