पहिल्या पावसाचे पाणी: कातळातील टाक्यापासून करंजाडेच्या गच्चीपर्यंत

१/ पावसाचे पाणी साठवणे ही कोकणातील फार जुनी विद्या. मात्र साठा पिण्याजोगा राहावा, यासाठी आरंभीचे पाणी सोडून द्यावे लागते. साठवणीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. या सोडून देण्याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

२/ कान्हेरीच्या प्राकृत शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. भिक्षूंसाठी टाके खोदवणे हे पुण्यकर्म होते. दात्यांची नावे दगडावर कोरली गेली. डोंगरउतारावरील पाणी कातळात खोदलेल्या चरांतून या टाक्यांत उतरे.

३/ पनवेलला लागून करंजाडे आहे आणि पनवेलच्या दक्षिणेला कर्नाळा किल्ला. तेथे सुळक्याच्या पायथ्याशी कातळात टाकी खोदलेली आहेत. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेला हा किल्ला १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. सत्ता बदलली, तरी शिबंदीची तहान त्याच टाक्यांवर भागे.

४/ रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या पाण्याचा स्वतंत्र विचार आहे. झरा असला तरी त्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. म्हणून राखीव टाकी बांधावीत आणि ते पाणी एरवी खर्चू नये, असा त्याचा आशय. साठा नासला, तर गडही हातचा जातो.

५/ सोडून देण्याची रीत स्पष्ट दिसते ती राजस्थानात. बिकानेरच्या घरांत छपरावरचे पाणी अंगणाखालच्या टाक्यात नेत, पण पहिला पाऊस त्यात घेत नसत. त्या पावसाने छप्पर आणि पन्हळी धुऊन निघत. हे काम माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून होते.

६/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रॉबर्ट्स यांनी हे काम यंत्राकडे सोपवले. त्यांच्या जस्ती पत्र्याच्या उपकरणात आसावर तोललेले पात्र होते. आरंभीचे मळके पाणी बाहेर जाई. ठरावीक पाणी पडल्यावर पात्र कलंडे आणि स्वच्छ पाणी टाकीकडे वळे.

७/ आजची रचना अधिक सोपी आहे. आरंभीचे पाणी एका उभ्या नळीत भरते, तरंगता चेंडू वर येऊन तिचे तोंड बंद करतो आणि पुढचे पाणी टाकीत जाते. तळाच्या बारीक छिद्रातून नळी हळूहळू रिकामी होते. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवरचे पहिले २ मिलिमीटर सोडायचे, तर २०० लिटर. कोकणच्या पावसात हा त्याग नगण्य आहे.

८/ राज्याच्या बहुतांश भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत गच्चीवरचे पहिले धुवण बाहेर काढणाऱ्या झडपेची तरतूद आहे. बिकानेरच्या घरातील शिस्त अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आली.

९/ करंजाडे ही सिडकोने वसवलेली वसाहत; शेजारीच नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत गच्च्यांवर बांधकामाची धूळ, पालापाचोळा आणि कबुतरांची विष्ठा साचते. झडप नसेल, किंवा असून कोणी साफ करत नसेल, तर जूनच्या पहिल्या सरीत हे सारे टाकीत उतरते. तेच पाणी न गाळता कूपनलिकेत सोडले, तर भूजलही दूषित होऊ शकते आणि त्याची झळ शेजारच्या इमारतींनाही लागते. कर्नाळ्याच्या टाक्यांवर एका गडाची शिबंदी अवलंबून होती. इथल्या भूजलावर अवघी वस्ती अवलंबून असू शकते.