मोरीच्या पाण्यावरचे अळू

परस म्हणजे घरामागची जागा. तिकडे उघडते ते परसदार, तिथे फुलते ती परसबाग. ‘परसाकडला जाणे’ म्हणजे शौचाला जाणे, हा अर्थही त्याच शब्दाचा. घरातून जे बाहेर टाकायचे ते मागच्या बाजूला जाई, आणि रोजच्या ताटातले बरेचसे तिथूनच परत येई. म्हणून परसबागेचा माग सांडपाण्यापासून काढावा, असे मला वाटते.

कोकणातले जुने घर आठवा. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी मातीच्या पाटाने मागे जाई. जिथे ते मुरे तिथे अळू, जरा पुढे केळी, कोरड्या कडेला शेवगा आणि कढीपत्ता. भांडी राखेने घासत, त्यामुळे त्या पाण्यातून पालाश झाडांना मिळे. केळीला तर पालाश फार लागते. हा हिशेब कुणी कागदावर मांडला नव्हता. कुठे काय जोमाने वाढते हे पाहत घरच्या बायकांनी तो बसवला. खरे शेतीशास्त्रज्ञ मी त्यांनाच म्हणेन. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून मिरची, पपई, पेरू आले, तेही याच कुंपणात रुजले.

मुंबईत चाळी उभ्या राहिल्या आणि परस गेले. गॅलरीत डालड्याच्या डब्यांतून तुळस, ओवा, गवती चहा तेवढा उरला. जागा आटली हे खरेच. पण मोरीचे पाणी गटाराला मिळाले आणि राखेच्या जागी साबण आला, हे नुकसान मला जास्त मोठे वाटते.

तुटलेला दुवा पुन्हा जुळला तो गच्चीवर. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे, ओला कचरा आणि अगदी थोडी माती यांवर गच्चीत फळझाडे वाढवली. गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळ्याची माती करायला अनेकांना शिकवले. त्याच वाटेने प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघरातला कचरा त्याच इमारतीच्या गच्चीवर नेला आणि तिथे भाज्या, फळे पिकवली.

कचरा झाडांकडे परतला. पाणी अजून गटारातच जाते. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेल्या पाण्यात साबण नसतो. ते बादलीत धरा, खिडकीतल्या कुंडीत अळूचा एक कंद लावा आणि ते पाणी त्याला घाला.